अकराव्या नंबरावर

यार्मोच्या टायरच्या दुकानात तीन खुर्च्या
आणि एक उपडी बादली. बादली ओरेस्टची.
निकेलच्या खाणीत चौतीस वर्षं काढून कान गेले त्याचे,
म्हणून वाद कुणाचाही असो, चालतो त्याच्या पट्टीत.
शुक्रवारी ड्राफ्ट. आपला नंबर अकरावा.
माझे बर्फाचे टायर जूनमध्ये उतरताहेत.
यार्मो म्हणतो, व्हर्ना, बर्फालासुद्धा लाज वाटली गं.

"तो स्वीडनचा पोरगा घ्या," रेयाल म्हणतो,
"ओकरब्लोम. पक त्याच्या स्टिकला असा चिकटतो
जसा मध बोटाला."
"आणि वजन? ओल्या टॉवेलसकट सत्तर किलो!
कोपऱ्यात गाठून चटणी करतील त्याची."
"मग गोलकीपर. हुडाक."
"पहिल्या फेरीत गोलकीपर? अरे, ते कलिंगड असतं,
कापेपर्यंत आतलं कळत नाही."

स्थळं पाहावीत तशी ही माणसं पोरं पाहतात.
उंची किती, बाप काय करतो,
थोरला भाऊ विशीनंतर वाढला का.
ओळीनं चौदा सामने हरलेला आमचा संघ,
आणि नाकं मुरडण्यात मात्र पहिला.

ओरेस्ट बादलीवर थाप मारतो.
"डुशार्म! एमेट डुशार्म! दोन हिवाळे आपल्या गावात खेळला,
सहा फूट तीन. त्याच्या बाजूनं जो आत शिरतो
तो परत जाताना दात मोजत जातो."
मग सगळे माझ्याकडे बघतात,
कारण ते दोन हिवाळे तो माझ्याकडे होता,
तळघरात, शिवणाच्या मशीनशेजारी.
क्लबचे पैसे यायचे. दुधालाच पुरायचे नाहीत.

मला माहीत आहे ते कुठल्या यादीत नाही.
रात्री दीडला उभ्यानं सीरियल खायचा, फ्रिजच्या उजेडात.
हरून आला की माझं अंगण झाडायचा,
बर्फ पडलेला नसला तरी.
आणि फेब्रुवारीपासून
जिना एकेका पायरीनं चढायचा.
आधी उजवा पाय. मग डावा, त्याच पायरीवर.
मग थांबणं.
मी वर अंधारात बसून ऐकायचे. तेरा पायऱ्या.
एका सकाळी विचारलंच.
"व्हर्ना," तो म्हणाला, "जून संपेपर्यंत जिना ऐकू नकोस."
आणि अजून एक टोस्ट मागितला.
अठरा पूर्ण नव्हती झाली त्याला.

"बोल ना," ओरेस्ट ओरडतो, "घ्यायचा का?"
जसं काही शुक्रवारी मंचावर चढण्याआधी
तो टायवाला माणूस
यार्मोच्या दुकानात फोन लावणार आहे.
आमच्या बोलण्यानं तिकडे पानही हलणार नाही,
ठाऊक आहे सगळ्यांना.
तरी जीभ टाळ्याला चिकटली.
पोराचा शब्द एकीकडे.
पण मीही याच संघाची. माझ्या बापानं
याच संघापायी दोन रेडिओ फोडले.
आणि अकरावा नंबर काय दर साली येतो,
की एका गुडघ्यावर उधळून टाकावा?

"खातो चांगला," मी म्हणाले.
दुकान हसलं. मध, चटणी, कलिंगड, सगळं पुन्हा सुरू.

जाताना यार्मोनं भिंतीवरचं कॅलेंडर पुढे केलं,
मागच्या कोऱ्या बाजूवर पैजा लिहिलेल्या, माणशी पाच डॉलर.
मी पाचाची नोट ठेवली, पेन्सिल घेतली,
लिहिलं: डुशार्म. नववा.
ओरेस्टनं चष्मा वर केला.
"नववा? म्हणजे आपल्यापर्यंत उरणारच नाही तो?
आणि नववा नंबर तर तळ्यापलीकडच्यांचा,
त्यांचं नाव निघालं की तू थुंकतेस!"

हो, मी म्हणाले. त्यांनाच मिळू दे.